बाई आणि कोरा प्रयोग

बाईंच्या टेबलाखाली शिवणयंत्राचं पायडल होतं. उज्जैनच्या त्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा वाटलं, इथे कोणाच्या तरी अ‍ॅप्रनची शिलाई चालली आहे. घर्र, मग शांत, मग पुन्हा घर्र. खिडकीजवळ पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. एका हाताशी शाळेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात लाल पेन, पाय पायडलवर. समोरच्या स्टँडला शिवणयंत्राची मोटर आडवी बांधलेली, तिच्यावरून निघालेल्या दांडीला काचेची चपटी पळी, आणि ती पळी पिवळ्याधमक द्रावणात फिरत होती. बाई दोन उत्तरं तपासत, मान वर करून द्रावणाकडे बघत, की पुन्हा मान खाली. थोड्या वेळाने पिवळा रंग पातळ होत होत पाण्यासारखा झाला. बाईंनी पाय काढला, हातरुमालाची गाठ सोडून एक चुंबक काढला आणि भांड्याच्या बाहेरून काचेला लावला. आतली काळी भुकटी मुंग्यांसारखी त्या बाजूला धावली. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कुठून आलास?"

मी म्हणालो, "पांढुर्ण्याहून."

"मग आजपासून तू पांढुर्णा."

पुढची पाच वर्षं मी पांढुर्णा होतो. दुसऱ्या एका संशोधकाला त्या शाजापूर म्हणत. त्यालाही बोलवायचं नि मलाही, असं असलं की "अरे शाजापूर-पांढुर्णा, इकडे येऊन जा" अशी रेल्वेगाडीच्या नावासारखी हाक यायची.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण करायचे, त्यांच्यावर दुसऱ्या एखाद्या धातूचा हलका थर चढवायचा, आणि ती भुकटी उत्प्रेरक म्हणून वापरायची. नायट्रो गट असलेल्या संयुगाचं तिच्या मदतीने अमाइन होतं. औषधं आणि रंग करणाऱ्यांना ते लागतं. आमचं संयुग पिवळं, अमाइन बिनरंगी; पिवळा रंग गेला की काम झालं. उत्प्रेरक क्रियेत खर्च होत नाही, पण इतके बारीक कण परत मिळवायचे कसे? गाळणीतून ते निघून जातात. म्हणून पोटात लोखंड. काम झालं की बाहेरून चुंबक लावायचा, भुकटी एका बाजूला गोळा होते, द्रावण ओतून घ्यायचं, भुकटी धुऊन पुन्हा वापरायची.

सरांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला बाबा आठवले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. बाबा पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे. संध्याकाळी काम संपलं की सुतळीला बांधलेला एक मोठा चुंबक ते आवारभर ओढत फिरायचे. पडलेले खिळे त्याला चिकटून यायचे, म्हणजे हमालांच्या पायात जायला नकोत. वाकडे खिळे सरळ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटीत. मी हे बाईंना एकदा चहा पिताना सांगितलं. महिन्याभराने सरांच्या ओळखीचे एक पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले, तर बाई त्यांना माझ्या बाबांचा चुंबक सांगत होत्या. माझं नाव घेऊन, माझ्याकडे बोट दाखवून, सगळं रीतसर. पण काय सांगितलं! मी सांगितलं तेव्हा ती चार वाक्यं होती. बाईंच्या तोंडून त्या आवाराची धूळ दिसली, सुतळीला पडलेला पीळ दिसला. पाहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचे वडील शास्त्रज्ञच म्हणायचे. मला आनंद व्हायला हवा होता. मी रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत राहिलो. बाप माझा होता.

तर हे आधीच सांगून टाकतो. मी बाईंचा हेवा करत होतो. त्यांच्या हुशारीचा तितका नाही; हुशार माणसं मी पाहिली होती आणि त्यांच्या पुढेमागे राहायची सवय होती. मला त्यांच्या सवडीचा हेवा वाटे. त्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि आमच्यासारखाच सरांकडे प्रबंध करत. साडेतीनला शाळा सुटली की यायच्या, सहाला जायच्या. नोकरी पक्की, लग्न केलेलं नाही, माधव नगरात एका स्टेशनरीच्या दुकानावर स्वतःचं घर, घरात भिंतभर पुस्तकं. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे पाच पिढ्या नुसती लिखापढी. हाताने काही कोणी केलंच नाही. म्हणून मी करून राहिले आहे." त्यांचा प्रबंध झाला काय, न झाला काय, कोणाचं काही अडणार नव्हतं. माझी शिष्यवृत्ती पाच वर्षांची होती आणि घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यांचा प्रयोग फसला की त्या खूश होत. माझा फसला की मला जेवण जात नसे.

शिवाय सर त्यांच्यासाठी उभे राहत. बाई दारात आल्या की सर खुर्चीतून उठायचे, दर वेळी. आम्ही गेलो की मान वर करायचे, तीही फायलीतलं वाक्य संपल्यावर.

उत्प्रेरकाच्या बाबतीत आमच्या क्षेत्रात एक रीत आहे. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो हे दाखवायला लोक पाच वेळा वापरतात, फार तर सहा. शोधनिबंधात पाच उभे खांब काढतात. सगळे जवळपास सारख्या उंचीचे, शेवटचा किंचित बुटका. मग थांबतात. का थांबतात हे कोणी विचारत नाही. बाई विचारायच्या. "पाच का? सहाव्याला काय धाड भरते?" त्या थांबायच्याच नाहीत. एकच भुकटी दहा वेळा, पंधरा वेळा, वीस वेळा. प्रत्येक वेळी धुवायची, वाळवायची, तोलायची, पुन्हा घालायची. उत्प्रेरक मरेपर्यंत, म्हणजे काम करायचा थांबेपर्यंत. आणि मेला की का मेला ते शोधायचं. वरचा धातू सुटून गेला, की कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले, की धुताना आपल्याच हातून थोडा थोडा वाहून गेला? एका खेपेला त्यांचा एक उत्प्रेरक एकतिसाव्या वेळी मेला. त्याच्या तेराव्या दिवशी बाई घरून श्रीखंड-पुरीचे डबे घेऊन आल्या आणि साऱ्या प्रयोगशाळेला जेवू घातलं. "गोडाचं जेवण आहे, नाही म्हणायचं नाही." शाजापूरने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बाई, गेलेले फार त्रासले का हो शेवटी?" बाई म्हणाल्या, "पंचवीसच्या नंतर जरा त्रासले. पण काम सोडून नाही बसले." त्यानंतर बाईंचा उत्प्रेरक कधी मरतोय याकडे आम्हा वसतिगृहातल्या मुलांचं लक्ष असे.

चुंबक त्या कुठेही काढत. फ्रीगंजमधल्या त्यांच्या किराणावाल्याकडे मी एकदा बरोबर होतो. त्यांनी रव्याचं पाकीट घेतलं, दुकानातच फोडलं, थाळीत पसरलं आणि चुंबक फिरवला. चुंबकाला काळपट कुसळं लागली. गिरणीच्या पात्यांचं लोखंड. किराणावाला हात जोडून म्हणाला, "बाईसाहब, पूरे उज्जैन ने यही रवा खाया है, आज तक कोई मंदिर के घंटे से नहीं चिपका." बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग तेच पाकीट त्यांनी घेतलं, चुंबक फिरवलेलं असल्यामुळे ते आता दुकानातलं सगळ्यात चांगलं पाकीट आहे म्हणून.

भैरवगढला मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. तिथे ठशांनी कापड छापणारे लोक आहेत. आम्ही सगळे अशाच भुकटीने प्रयोगशाळेतला शुद्ध रंग शुद्ध पाण्यात घालून त्याचा रंग घालवत होतो आणि शेवटच्या परिच्छेदात लिहीत होतो की कापडधंद्याच्या सांडपाण्याला याचा उपयोग होईल. बाई म्हणाल्या, मग सांडपाणीच आणून बघू ना. कॅन मी उचलले. छापणाऱ्या चाचांनी बाईंना खुर्ची दिली, मला कॅन कुठे ठेवायचे ते दाखवलं. त्या खऱ्या पाण्यात बाईंचा उत्तम उत्प्रेरक दुसऱ्याच खेपेला गार पडला. मीठ, डिंक, साबण, देव जाणे काय काय होतं त्यात. माझं असं झालं असतं तर मी ते पाणी गुपचूप ओतून टाकलं असतं. बाईंनी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहायला घेतलं. आणि जे थोडं पाणी स्वच्छ झालं होतं ते बाटलीत भरून चाचांना दाखवायला परत गेल्या, कारण तसं कबूल केलं होतं. चाचांनी बाटली उन्हात धरली. म्हणाले, "पानी तो साफ है बाईजी. पर हमारा रंग गया कहाँ?" परत येताना बाई म्हणाल्या, "बघ, किती बरोबर विचारलं. रंग दिसत नाही म्हणजे गेला असं थोडीच आहे. तुकडे होऊन आतच बसला असेल, आणि ते तुकडे रंगापेक्षा वाईट असतील." मी मनात म्हणालो, हा प्रश्न मलाही पडू शकला असता. पडला नव्हता.

माझ्या चौथ्या वर्षी माझी पाळी आली असं मला वाटलं.

संत्र्याच्या साली जाळून त्यांचा कोळसा मी लोखंडाच्या कणांवर चढवला होता. साली पांढुर्ण्याहून आल्या होत्या, आईने गच्चीवर वाळवून पाठवलेल्या. कल्पना अशी की महाग धातू वापरायचाच नाही; लोखंड आणि साल, बस. पहिल्याच प्रयोगात पिवळं द्रावण सहा-सात मिनिटांत स्वच्छ झालं. दुसऱ्यांदा तसंच. पाच वेळा तसंच. मग मला बाईंचं वारं लागलं, किंवा बाईंना हरवायचं वारं लागलं म्हणा. मी दहा केले, पंधरा केले, वीस केले. विसाव्या वेळीही तेवढीच मिनिटं. खांब काढले तर वीसच्या वीस एका उंचीचे, जणू कोणी पट्टी लावून कापले आहेत. सर माझ्या टेबलाशी आले. स्वतः आले. सगळ्यांना बोलावून म्हणाले की या मुलाने घरच्या सालीतून जे केलं आहे ते नीट बघा. शोधनिबंध लिहून पाठवला. बाबांना मी फोन केला. त्यांनी मंडीत सांगितलं की पोरानं संत्र्याच्या सालीचं औषध काढलं. मी म्हणालो औषध नाही, पण ते तसंच सांगत राहिले.

बाईंनी माझी वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. म्हणाल्या, "भुकटी दुप्पट टाकलीस तरी वेळ तेवढाच लागला?" मी म्हणालो, हो, गरजेपुरती असली की पुरे, जास्तीचा उपयोग नाही. "आणि मरतच नाही?" मी म्हणालो, नाही. माझ्या आवाजात जे होतं ते त्यांना ऐकू आलं असणार. "सगळं मरतं रे बेटा," त्या म्हणाल्या, आणि चिमूटभर भुकटी मागितली. मी अगदी उदारपणे लहान बाटली भरून दिली.

चार दिवसांनी त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आत तिघंजण होते; त्यांच्यासमोर त्या बोलल्या नाहीत, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

"पांढुर्णा, तुझी भुकटी माझ्याकडे काम नाही करत आहे. तीनदा करून बघितलं. पिवळं ते पिवळंच."

"तुमच्या पळीने नीट ढवळलं जात नसेल."

"असेल. मग तूच एक करून घे. भुकटी नको टाकू. बाकी सगळं तेच, तेच भांडं, तीच कांडी, तोच वेग. कोरा प्रयोग."

कांडी म्हणजे ढवळायची कांडी. आमच्या प्रयोगशाळेत बाई सोडून सगळे चुंबकाच्या कांडीने ढवळत. बोटाच्या पेराएवढी असते, वर टेफ्लॉनचं पांढरं वेष्टण. ती भांड्यात टाकायची; खालच्या यंत्रातला चुंबक फिरला की ती आत फिरते. चुंबकाला चिकटणारी भुकटी चुंबकाच्याच कांडीने ढवळायची, हे बाईंना हास्यास्पद वाटे. ती अर्धी कांडीलाच चिकटून बसते, म्हणायच्या. म्हणून ते पायडल.

मी म्हणालो की कोरा प्रयोग मी केला आहे. भुकटीशिवाय द्रावण आठ दिवस ठेवलं, पिवळंच राहिलं.

"फडताळात ठेवलंस. कांडी होती का आत?"

कांडी नव्हती. ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच माझं डोकं फिरलं. चार वर्षं मी उज्जैनमध्ये जपून बोललो होतो. माझी गावची बोली कोणाला ऐकू दिली नव्हती. ती सगळी एकदम बाहेर आली.

"तुमच्या हातून नाही झालं म्हणून माह्यं खोटं? तुमचा प्रबंध तं सात वर्षं झाले, होऊन नाही राहिला. मले तरी होऊ द्या."

बाई म्हणाल्या, "डबा खाल्लास का?" मी तोंड फिरवलं. त्या आत जाऊन पायडलवर पाय ठेवून बसल्या.

तीन दिवस मी तो प्रयोग केला नाही. रविवारी सकाळी प्रयोगशाळेत कोणी नसताना केला. भुकटी टाकली नाही. पिवळं द्रावण, माझी कांडी, तोच वेग. घड्याळ लावलं. दुसऱ्या मिनिटाला मला वाटलं, उजेडामुळे तसं दिसतंय. चौथ्या मिनिटाला वाटेनासं झालं. सातव्या मिनिटाला भांड्यात पाणी होतं, आणि त्यात ती कांडी एकटीच, निवांत फिरत होती.

मग नवी कांडी पाकिटातून काढली आणि माझी भुकटी टाकून बघितलं. दुपारपर्यंत पिवळंच.

ती कांडी एका जुन्या डब्यातली होती. आमच्या आधी तिथे पॅलेडियम या महाग, तेज उत्प्रेरक धातूवर काम करून गेलेल्या लोकांनी मागे ठेवलेला डबा. कांडी करडी पडली होती, अंगावर ओरखडे होते, आणि त्या ओरखड्यांत पॅलेडियम बसलेलं होतं. धुऊन ते निघत नाही. इतके दिवस सालीचं म्हणून मी जे बघत होतो ते त्याचं काम होतं. कपाटात नव्या कांड्या होत्या. मी कधी घेतल्या नाहीत. मला कोणी मना केलं नव्हतं; पण आमच्या घरात नवी वस्तू आधी दुसऱ्याला असते. फुटकं चंचुपात्र, डाग पडलेली बाटली, सगळ्यात जुनी कांडी मी आपणहून घ्यायचो आणि मला वाटायचं की मी चांगला वागतो आहे.

मी त्या कांडीकडे बराच वेळ बघत बसलो. ती बेसिनच्या जाळीतून गेली असती. नवी कांडी बिघडली, जुनी हरवली, काय वाटेल ते सांगता आलं असतं. सालीचा उत्प्रेरक चालत नाही हे कळायला कोणाला तरी तो पुन्हा करून बघावा लागला असता, आणि कोण करतं? बाईंनी केला होता. पण बाई कोणाला सांगणार नव्हत्या. याची मला पक्की खात्री होती आणि त्या खात्रीचाच मला सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी सरांना सांगितलं असतं तर मला त्यांचा द्वेष तरी करता आला असता.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं: कांडी, भुकटी, कोरा प्रयोग. शोधनिबंध परत घ्यावा लागेल हेही मीच म्हणालो. सर ऐकत होते, डोळे मिटून. मग त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या," मी म्हणालो.

तो शब्द मी ठरवून गेलो नव्हतो. एवढं खरं सांगून झाल्यावर तो एक खोटा शब्द तोंडातून गेला, आणि सर खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्यासाठी. खांद्यावर हात ठेवून आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "अहो, चहा टाका पुन्हा. हा मुलगा आज स्वतःचं घर स्वतः पाडून आला आहे." मला ते परत घेता आलं असतं. चहा येईपर्यंत वेळ होता. चहा आला.

शोधनिबंध परत घेतला. सर म्हणाले, हेच लिहू. जुन्या कांडीने किती लोकांना फसवलं असेल, त्यांना कळू दे. लहानसं टिपण झालं, माझं आणि सरांचं नाव. शेवटी आभार असतात. मी विभागाचे मानले, यंत्र चालवणाऱ्या भाऊंचे मानले, आईबाबांचे नावानिशी मानले. बाईंचं नाव तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ते लिहिलं तर सर विचारणार होते, कशासाठी.

टिपण छापून आलं तेव्हा बाई ते बाजारातून छापून घेऊन आल्या. खिडकीशी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी समोरच भांडी धूत होतो, एकच भांडं किती वेळ. "चांगलं लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आईवडिलांचं नाव आलंय, त्यांना वाचून दाखव हं." मी त्यांच्या चेहऱ्यावर काही शोधत होतो, टोमणा, नाराजी, काहीही. काही सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पायडलवर पाय ठेवला.

माझा प्रबंध दुसऱ्या विषयावर झाला, उशिरा झाला. पण नोकरी मला त्या टिपणावर मिळाली. मुलाखतीत तेच निघालं. समितीतले एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, स्वतःच्या चांगल्या निकालावर शंका घेणारा माणूस आम्हाला हवा आहे. मी मान खाली घातली; त्यांना तो विनय वाटला. बाईंचा प्रबंध त्यानंतर दोन वर्षांनी पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला मी गेलो नाही. कॉलेजात काम आहे असं कळवलं. काम होतं, पण तेवढं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी उज्जैनमध्ये शाळेच्या विज्ञान शिक्षकांचं एक शिबिर होतं आणि मला बोलायला बोलावलं होतं. मी कांडीचीच गोष्ट सांगतो अशा ठिकाणी. ती लोकांना आवडते. भांड्यात एकटी फिरणारी कांडी आली की सगळे पुढे वाकतात. बोलता बोलता तिसऱ्या रांगेत बाई दिसल्या. निवृत्त झालेल्या, केस अगदी पांढरे, शेजारी बहुधा त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी. मी गोष्ट पूर्ण केली. देवासकडच्या एका तरुण शिक्षकाने हात वर केला.

"सर, बिना पाउडर के सिर्फ़ कांडी चलाकर देखना है, ये आपको सूझा कैसे?"

हा प्रश्न मला आधीही विचारला गेला होता आणि माझं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ते येईना. मी पाणी प्यायलो. सभागृह वाट बघत होतं. मी तोंड उघडलं, आणि खरंच सांगतो, मी काय म्हणणार होतो ते मला आजही माहीत नाही. कारण बाई उभ्या राहिल्या होत्या.

"मैं इनके साथ लैब में थी," त्या मागे वळून त्या शिक्षकाला म्हणाल्या. "इनकी शुरू से यही आदत. हर चीज़ पर शक. हम लोग तो परेशान हो जाते थे."

सगळे हसले. मीही हसलो.

भुकटी तोलताना शेवटचा आकडा हलत असेल तर तो स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसणारी बाई. माझ्यासाठी एवढ्या लोकांसमोर धडधडीत खोटं बोलली आणि खाली बसून पदर नीट केला. मला उपकार वाटायला हवे होते. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हेसुद्धा मला जमलं नसतं.

शिबिर संपल्यावर मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. मी एवढंच विचारलं, "बाई, असं का सांगितलंत?"

"सगळे मास्तर बसले होते समोर. त्यांच्यात तुला कसं पाडून देऊ?" त्या रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. "पण पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मी तिथे नसेन, पांढुर्णा. तू सांगून दे."

रिक्षावाल्याला त्यांनी माधव नगरचा पत्ता सांगितला आणि भाड्यावरून त्याच्याशी वाद घालत त्या निघून गेल्या.

तेव्हापासून मी कोणी विचारायची वाट बघतो आहे. दोन ठिकाणी बोललो, कोणी विचारलं नाही. मी तयारी करून जातो त्या दिवशी हा प्रश्न नेमका कोणाला पडत नाही, आणि मी दर वेळी सुटल्यासारखा घरी येतो. हे असं कितीही वर्षं चालेल हे मला कळून चुकलं आहे. म्हणून काल सरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, लिही, आणि फोन ठेवला.

भुकटी न टाकता कांडी एकटी फिरवून बघ, हे बाईंनी सांगितलं होतं. व्हरांड्यात, कोणी ऐकत नसताना. मला सुचलं नव्हतं.